सकर्मक पाहुणचार

इंग्रजी भाषेत काही क्रियापदे अशी आहेत की ती वृत्तपत्रात छापून आलेली दिसली म्हणजे वाक्यातील कर्त्याविषयी आदर वाटण्याऐवजी कर्माविषयी कणव वाटू लागते. 'रिगेल' हे त्यांपैकी एक होय. एखादे सेवानिवृत्त अधिकारी एखाद्या संस्थेच्या वार्षिक भोजनास प्रमुख पाहुणे म्हणून गेले आणि आपल्या नोकरीतील बदल्या, बढत्या व वाघाच्या शिकारी यांविषयी तासभर बोलले की, दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी पत्राचा बातमीदार न चुकता लिहितो की पाहुण्यांनी उपस्थितांना आपल्या आठवणींनी 'रिगेल' केले. कोश उघडावा तर अर्थ मोठा राजस निघतो: उत्तम खाद्यपेयांनी, संगीताने अथवा सुरस कथनाने दुसऱ्यास तृप्त करणे. उपस्थित तृप्त झाले किंवा कसे, हे त्यांना विचारण्याची तरतूद मात्र त्या क्रियापदात नाही. व्याकरणदृष्ट्या ते सकर्मक आहे, म्हणजे त्याला कर्म लागतेच, आणि ते कर्म बहुधा आपण असतो. 'कर्म' या शब्दाचे मराठीत जे दोन अर्थ आहेत त्यांपैकी कोणता येथे अधिक लागू पडतो, हे हातात रिकामी बशी धरून तिष्ठत राहिलेल्या श्रोत्याला वैयाकरणाने समजावून सांगण्याचे कारण नाही.

या क्रियापदाविषयी एक समज सुशिक्षितांतही आढळतो, तो असा की त्याचा राजाशी काहीतरी संबंध असावा. 'रीगल' म्हणजे राजेशाही. तेव्हा 'रिगेल' करणे म्हणजे राजेशाही थाटाने सरबराई करणे, असा हिशेब कोणीही सहज मांडील, कारण दोहोंच्या अक्षरांत शेवटच्या एका मुक्या अक्षरापलीकडे फरक नाही. मुंबईकराला तर हा मोह अधिकच. 1933 साली कुलाब्यात उघडलेल्या रीगल चित्रपटगृहाने 'रीगल' आणि मनोरंजन यांची गाठ त्याच्या मनात पिढ्यान्‌पिढ्यांसाठी मारून ठेवलेली आहे. परंतु आडनाव सारखे म्हणून भाऊबंदकी निघत नाही. राजेशाही 'रीगल' हा लॅटिन 'रेक्स' शब्दाच्या, म्हणजे आपल्या 'राजन्' शब्दाच्या नात्यातील, खानदानी पुरुष. 'रिगेल' हा फ्रेंचांच्या भोजनगृहातून आलेला, तोंडाला चव असलेला, पण दरबारात ज्याच्यासाठी खुर्ची मांडलेली नाही असा इसम.

इंग्रजांच्या या चुकीला हसण्यापूर्वी आपल्या घरातले दस्तऐवज तपासलेले बरे. ज्या वाटेने इंग्रज चुकला त्याच वाटेने, फक्त उलट दिशेने, आपले पूर्वज आधीच जाऊन आले होते. महाभारताच्या शांतिपर्वात पृथूने प्रजेचे रंजन केले म्हणून त्याला राजा म्हणू लागले, असे सांगितले आहे, आणि रघुवंशाच्या चौथ्या सर्गात कालिदासाने रघूच्या बाबतीत हीच व्युत्पत्ती पुढे चालविली आहे: प्रजेचे रंजन करतो म्हणून तो राजा. आधुनिक भाषाशास्त्री या प्रकरणी निर्दय आहेत. त्यांच्या मते सत्ता चालविणारा 'राज्' हा धातू निराळा आणि रंगविणारा 'रञ्ज्' हा धातू निराळा. दोघांची ओळख कवींनी करून दिली. म्हणजे रंजन करणाऱ्याला राजा ठरविण्याची चूक लंडनात झाली, तर राजाला रंजन करणारा ठरविण्याची चूक इकडे झाली. दोन्ही चुका मोठ्या मनाच्या आहेत. ज्यांच्यावर राज्य होत असते त्यांना राज्यकर्त्याकडून काहीतरी खायला, निदान ऐकायला, मिळावे अशी जी जुनी व भाबडी अपेक्षा आहे, ती या दोन्ही व्युत्पत्तींच्या मुळाशी दिसते.

खरे राजे काय करीत, हे पाहायचे असेल तर फ्रान्सच्या कायद्यातला 'रेगाल' नावाचा एक शब्द पाहावा. हा मात्र अस्सल राजघराण्यातला. एखाद्या बिशपाची गादी रिकामी पडली की नवा बिशप तेथे स्थानापन्न होईपर्यंत त्या धर्मपीठाचे उत्पन्न राजाने वसूल करावे, असा जो हक्क फ्रान्सचे राजे सांगत त्याला 'रेगाल' म्हणत. 1673 साली चौदाव्या लुईने हा हक्क आपल्या यच्चयावत् मुलखाला लागू असल्याचे जाहीर केले आणि त्यापायी पुढे अकराव्या इनोसंट पोपाशी वर्षानुवर्षे पुरेल असे भांडण ओढवून घेतले. वतनदार वारला की वतन अमानत करून वसूल सरकारजमा करण्याची रीत ज्यांच्या जुन्या दप्तरांत पानोपानी आढळते, त्या आपल्या लोकांना या 'रेगाल'चे मर्म सांगायला नको. तेव्हा राजाच्या रेगालमध्ये खाणारा राजाच असतो. दुसऱ्याला खाऊ घालणारे क्रियापद याच्या पोटी जन्मले असेल, ही कल्पनाच मुळी व्यवहाराला धरून नव्हती.

मग ते जन्मले कोठे? जुन्या फ्रेंच भाषेत 'गाल' म्हणजे आनंद, मौज, चैन. 'गाले' म्हणजे मौज करणे. आणि त्याच्यामागे उपसर्ग लागून मेजवानी या अर्थी नाम व मेजवानी देणे या अर्थी क्रियापद सिद्ध झाले. या 'गाल'चे मूळ त्याहूनही मागे फ्रँक लोकांच्या बोलीतील 'चांगले' या अर्थाच्या शब्दापर्यंत नेतात, आणि तसे असेल तर इंग्रजांचा रोजचा 'वेल' हा शब्दही याच गोतावळ्यातला ठरतो. गोतावळा मोठा रंगेल आहे. 'गाला', म्हणजे ज्या रात्रीच्या समारंभाला उसना कोट घालून जावे लागते तो, याच घरातला. 'गॅलंट', म्हणजे आरंभी नुसता चैन करणारा, मग शूर, मग उंची पोषाखातला, आणि सरतेशेवटी स्त्रियांसाठी दार उघडून धरणारा, हाही याच घरातला. एकाच शब्दाने एवढ्या नोकऱ्या बदललेल्या क्वचितच आढळतात. स्पेनमध्ये या शब्दाला 'नजराणा' असा अर्थ आला, इटलीतही तोच, आणि आजही माद्रिदच्या दुकानदाराला वस्तू कागदात बांधून देण्यापूर्वी ती 'रेगालो' आहे काय, म्हणजे कोणाला भेट द्यायची आहे काय, असे विचारावे लागते.

स्पॅनिशात याच रूपाचे दुसरेही एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ वितळविणे. ते लॅटिनमधील बर्फ वितळण्याच्या शब्दावरून आलेले आहे. एकोणिसाव्या शतकातील काही व्युत्पत्तिकारांना या दोहोंची सांगड घालण्याचा मोह आवरला नाही: पाहुण्याचा संकोच ऊबेने विरघळविणे म्हणजे त्याचे आतिथ्य करणे, अशी ती उपपत्ती. आजचे कोशकार ती नामंजूर करतात. मला तिचे वाईट वाटते. काही व्युत्पत्ती खोट्या ठरल्या तरी कोशाच्या कोपऱ्यात त्यांना तहहयात नेमणूक करून द्यावी, अशा योग्यतेच्या असतात.

फ्रेंचांनी हे क्रियापद आजतागायत ताटाजवळच ठेवले आहे. पॅरिसमध्ये चार मित्र खाणावळीत जेवून उठताना त्यांतला एक जण 'आज रेगाल माझ्याकडून' अशा आशयाचे वाक्य उच्चारतो, त्याचा अर्थ बिल तो देणार, इतका रोकडा आहे. त्यात कथा नाही, आठवण नाही, वाघ तर नाहीच. इंग्रजांनी हा शब्द सतराव्या शतकाच्या मध्यास उचलला. प्रथम त्यांनीही तो जेवणापुरताच वापरला. मग त्यात वाद्यवादन आले, मग सुगंध आले, आणि हळूहळू स्वयंपाकघराचा खर्च कमी होत जाऊन शेवटी नुसते बोलणे तेवढे शिल्लक राहिले. अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थापकर्ष असे जे प्रकार भाषाशास्त्राच्या पुस्तकांत दिलेले असतात त्यांत या स्थित्यंतराला नाव नाही. जमाखर्चाच्या वहीत मात्र ते ताबडतोब सापडते. फ्रेंच भाषेत जो रिगेल करतो त्याच्या नावे खर्च पडतो. इंग्रजीत ज्याला रिगेल करतात त्याच्या नावे. रक्कम तीच, फक्त खाते फिरले.

खात्याची ही फिरवाफिरव इंग्रजांनी प्रथम केली असे मात्र नव्हे. बोलण्याच्या मोबदल्यात जेवण, हा व्यवहार पुरातन आहे. ग्रीकांच्या 'पॅरासाइट' शब्दाचा मूळ अर्थ दुसऱ्याच्या पंक्तीला बसून अन्न खाणारा, एवढाच. आतड्यातल्या जंतांना ते नाव फार मागाहून मिळाले. ग्रीक व रोमन विनोदी नाटकांत या आश्रित मंडळींचा एक स्वतंत्र वर्ग आहे, आणि ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या प्लॉटस नावाच्या रोमन नाटककाराने त्यांचा ताळेबंद मोठ्या आपुलकीने मांडला आहे. त्याच्या एका नाटकातील गेलासिमस हा आश्रित जेवणाची आमंत्रणे आटल्यामुळे आपल्या जवळचे सर्व विनोद लिलावात काढायला निघतो, आणि बोलीदारांनी किंमत म्हणून जेवण द्यावे अशी अट घालतो. दुसऱ्या नाटकातील सॅटुरिओ आपल्या मुलीला सांगतो की तुझ्या हुंड्याची काळजी नको, घरात विनोदांच्या पुस्तकांची पेटी भरलेली आहे, तीतले सहाशे विनोद तुला देईन आणि तेही सगळे अथेन्सचे. आपल्याकडील विदूषकही याच पेशातला. 'मृच्छकटिका'तला मैत्रेय चारुदत्ताच्या गेलेल्या वैभवासाठी जो शोक करतो त्यात सुवासिक मोदकांचा वाटा किती आणि मित्रप्रेमाचा किती, हे ठरविणे रसिकांना आजवर साधलेले नाही. तरीही मैत्रेय मोदक बंद झाल्यावरही मित्राचे घर सोडत नाही, आणि एवढ्या एका कारणासाठी मी त्याला सॅटुरिओच्या पंक्तीला बसवणार नाही.

इंग्लंडात हा पेशा ज्याने कळसाला नेला तो थिओडोर हुक. 1810 साली, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने लंडनच्या बर्नर्स रस्त्यावरील एका निरुपद्रवी बाईच्या नावाने शहरभर पत्रे धाडली आणि एकाच दिवशी तिच्या दारात धुराडी झाडणारे, कोळशाच्या गाड्या, लग्नाचे केक, डॉक्टर, वकील आणि खुद्द लंडनचा लॉर्ड मेयर यांची झुंबड उडवून दिली; आपण समोरच्या घरात बसून तमाशा पाहत राहिला. अशा माणसाच्या हाती सरकारी तिजोरी द्यावी असे कोणाला सुचले असेल हे समजणे कठीण, पण पियानोवर बसून समोरच्या प्रत्येक पाहुण्याच्या नावावर तिथल्या तिथे यमके जुळवून गाणारा हा तरुण युवराजाच्या कानी पडला होता, आणि 1813 साली त्याला मॉरिशस बेटाचा हिशेबनीस व खजिनदार नेमण्यात आले. हिशेब त्याने आपल्या पद्धतीने ठेवले. 1817 साली तिजोरी मोजली तो सुमारे बारा हजार पौंडांची तूट. अफरातफर हाताखालच्या कारकुनाने केली असे पुढे बहुतेकांचे मत झाले, परंतु जबाबदारी खजिनदाराची. हुकला अटकेत घालून विलायतेस रवाना केले. वाटेत एका गव्हर्नराने त्याला, प्रकृतीसाठी परत निघालात वाटते, असे विचारले असता तो म्हणाला की होय, पेटीत काहीतरी बिघाड झाला आहे असे म्हणतात. इंग्रजीत छातीला आणि तिजोरीच्या पेटीला शब्द एकच असल्यामुळे हे उत्तर वैद्यकीय आणि महसुली अशा दोन्ही अंगांनी बरोबर होते.

पुढे 1823 ते 1825 पर्यंत हुक कर्जापायी कैदेत होता, आणि ते कर्ज अखेरपर्यंत फिटले नाही. पण जेवणाची ददात त्याला कधी पडली नाही. लंडनच्या बड्या घरांत त्याच्यासाठी पाने मांडलेली असत, आणि तो आलेला आहे एवढ्या वार्तेवर उरलेली पंक्त भरे. अथेनियम क्लबात दाराजवळचा एक कोपरा त्याचा ठरलेला होता. त्याला 'मद्यवर्जनाचा कोपरा' म्हणत, कारण तेथे बसणारी मंडळी मद्याची मागणी 'लिंबाचे सरबत' अशा सात्त्विक नावाने करीत, आणि वाढपी काय ते समजून घेई. 1841 साली हुक वारला. त्यानंतर त्या क्लबात वर्षाकाठी होणाऱ्या भोजनांत तीनशेहून अधिक घट झाली, असे त्याच्या एका मित्राने त्या काळच्या एका प्रतिष्ठित त्रैमासिकात नमूद करून ठेवले आहे. साहित्यिकाच्या मृत्यूने भाषेची हानी झाली, पोकळी निर्माण झाली, असे सर्वच मृत्युलेखांत लिहितात. पण ती पोकळी ताटांच्या संख्येत मोजून दाखविणारा मृत्युलेख माझ्या पाहण्यात हा एवढाच. सॅटुरिओला हे वाचायला मिळते तर त्याने मुलीच्या हुंड्याचा आकडा वाढवून मागितला असता.

हुकच्या बाजूने इतके तरी म्हणता येते की त्याला लोक मुद्दाम बोलावीत. याच्या शेजारी टॉमस बॅबिंग्टन मॅकॉले या गृहस्थांना उभे केले म्हणजे रिगेल या क्रियापदाची दुसरी बाजू दिसते. मॅकॉलेसाहेबांना वाचलेले सर्व काही पाठ असे, आणि पाठ असलेले सर्व काही ते सांगत. केन्सिंग्टनमधील हॉलंड हाउस ही त्या काळच्या व्हिग पक्षीयांची पंगत. तेथे गर्दी इतकी की एकदा यजमानीणबाईंनी लट्रेल नावाच्या विनोदी गृहस्थाला 'जागा करा' असे फर्माविले तेव्हा तो उत्तरला की करावीच लागेल, कारण मुळात ती नाही. या पंगतीत मॅकॉले सुरू झाले की मग चर्चचे प्राचीन धर्मगुरू काय आणि बाहुल्यांचा इतिहास काय, विषय कोणताही असो, ओघ थांबत नसे. तो थांबविण्याचा अधिकार एकट्या लेडी हॉलंड यांना होता. त्या पंख्याने मेजावर टकटक करीत आणि सांगत की, मॅकॉले, हे पुरे झाले, आता दुसरे काहीतरी घ्या. मग मॅकॉले निमूटपणे दुसरे काहीतरी घेत. पुढे हिंदुस्थानातल्या कोट्यवधी लोकांनी काय शिकावे यावर ज्यांच्या लेखणीने हुकूम चालविला, त्यांना पंख्याच्या दांडीने विषय बदलायला लावणारी ही बाई आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत नसावी, ही मोठी गैरसोय होय.

याच पंगतीतले पाद्री सिडनी स्मिथ हे स्वतः थोर बोलके. दोन बोलके एका मेजावर आले म्हणजे एकाला श्रोता व्हावे लागते, आणि ते दुःख स्मिथसाहेबांनी जन्मभर बाळगले. आपण एखादी चांगली गोष्ट सांगितली की आपल्या मनात येते, बिचारा मॅकॉले, ही ऐकायची राहून गेली म्हणून त्याला कधीतरी फार वाईट वाटेल, असे ते म्हणत. मॅकॉले हिंदुस्थानातून परतल्यावर त्यांच्यात सुधारणा झाली आहे, मधूनमधून मौनाची वीज चमकून जाते आणि त्यामुळे संभाषण मोठे रमणीय होते, हा त्यांचाच अभिप्राय. या सुधारणेचे श्रेय कलकत्त्याच्या हवेला द्यावे की कायदे मंडळातील कामाला, यावर मतभेद संभवतो. 1834 पासून 1838 पर्यंतच्या त्या मुक्कामात मॅकॉलेसाहेबांनी दंडसंहितेचा खर्डा तयार केला आणि इतके कलमवार लिहिल्यानंतर माणसाला थोडे मौन येणे स्वाभाविक आहे.

आपल्याकडे बोलणे आणि जेवणे यांचा क्रम लावण्याचे काम कार्यक्रमपत्रिकेकडे असते. कचेरीतला निरोपसमारंभ घ्या. पत्रिकेत प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मनोगते, सत्कारमूर्तींचे उत्तर, अध्यक्षीय समारोप, आभारप्रदर्शन अशी चढण असते आणि तिच्या माथ्यावर 'अल्पोपाहार' हा शब्द, अल्प या विशेषणाने वाचकाला सावध करून, छापलेला असतो. सभागृहाच्या मागच्या दाराशी कॅन्टीनचा पोऱ्या कागदी बशांत एकेक बटाटेवडा, चमचाभर चटणी आणि पेढा मांडत उभा असतो. त्याला बशी कोणाच्या हाती द्यायची नाही अशी सक्त ताकीद दिलेली असते, कारण हाती बशी पडलेला माणूस आभारप्रदर्शनापर्यंत टिकत नाही, हा आयोजकांचा अनुभव. मंचावरचे वक्ते 'दोनच शब्द सांगतो' म्हणून उभे राहतात. चटणीचे पाणी वड्याखाली पसरत जाते. पहिल्या रांगेतील साहेब मान डोलावतात म्हणून दुसरी रांग डोलावते. शेवटच्या रांगेतल्यांना वास येतो म्हणून ते अधूनमधून वळून पाहतात, आणि वक्त्यांना वाटते की जागा अपुरी पडली, माणसे दारापर्यंत उभी आहेत. दुसऱ्या दिवशी जर या प्रसंगाची इंग्रजी बातमी झालीच तर तीत क्रियापद कोणते असेल हे सांगणे नलगे. मराठी बातमीदार 'आठवणींना उजाळा दिला' असे लिहून मोकळा होतो. हे अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यात आठवणींचे काय झाले एवढेच सांगितले आहे. ऐकणाऱ्यांचे काय झाले याविषयी कोणताच दावा केलेला नाही.

दुसऱ्याला खाऊपिऊ घालण्यासाठी इंग्रजीत 'ट्रीट' हे आणखी एक क्रियापद आहे, आणि त्याचे चरित्र रिगेलपेक्षा बरेच संशयास्पद. लॅटिनमधल्या ओढण्याच्या क्रियेवरून ते निघाले. त्यातून हाताळणे, मग वाटाघाटी करणे, आणि वाटाघाटी करताना समोरच्याला काही खायला घालावे लागते या व्यावहारिक ज्ञानातून पाहुणचार असा अर्थ आला. इंग्रजांच्या निवडणुकांत या पाहुणचाराने इतका ऊत आणला की 1696 साली पार्लमेंटला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. कायदा किती पाळला गेला ते पाहायचे असेल तर विल्यम होगार्थ याने 1754 च्या ऑक्सफर्डशायरच्या निवडणुकीवरून रंगविलेल्या चार चित्रांपैकी पहिले पाहावे. ते लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहे. खाणावळीत उमेदवारांनी मतदारांना जेवण दिलेले आहे. मेजाच्या एका टोकाला खुद्द मेयर कालवे खाऊन खाऊन आडवे झाले आहेत; न्हावी-वैद्य त्यांच्या दंडातून रक्त काढतो आहे, आणि त्या अवस्थेतही मेयरांच्या हातातल्या काट्याला एक कालव टोचलेले आहे. खिडकीतून विरोधी पक्षाची वीट आत आली असून ती एजंटाच्या कपाळाला लागून तो खुर्चीसकट मागे कलंडतो आहे. गबाळ्या म्हातारीने उमेदवाराच्या गळ्यात हात टाकला आहे आणि उमेदवार तो सहन करतो आहे, कारण म्हातारीला मत नसले तरी नवऱ्याला असेल. बाजूला एक शिंपी लाच घ्यायला तयार नाही म्हणून त्याची बायको त्याला फैलावर घेते आहे आणि पोरगा फाटलेला बूट पुढे करून तिच्या म्हणण्याला पुरावा जोडतो आहे. साऱ्या चित्रात तत्त्वनिष्ठ माणूस तेवढा एक, आणि उपाशीही तोच.

हा कायदा पुढे आपल्याकडे आला, आणि आला तो मॅकॉलेसाहेबांच्याच घरात बिऱ्हाडाला. त्यांनी खर्डा केलेली दंडसंहिता ते वारल्यावर 1860 साली मंजूर झाली. तीत 1920 साली निवडणूक गुन्ह्यांचे एक प्रकरण नव्याने घुसविण्यात आले, आणि त्यातील 171 ई या कलमात पाहुणचाररूपी लाचेची व्याख्या आली: ज्या लाचेत खाद्य, पेय, मनोरंजन अथवा शिधासामग्री यांच्या रूपाने लाभ दिला जातो ती. साध्या लाचेला एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. पाहुणचाराच्या लाचेला मात्र नुसता दंड. खाऊ घालणाऱ्याविषयी न्यायदेवतेच्या मनात कोठेतरी ओलावा आहे, असाच याचा अर्थ लावावा लागतो. 2023 च्या भारतीय न्याय संहितेत जुनी कलमे उलटीपालटी झाली, आकडे बदलले, पण 173 व्या कलमात ही व्याख्या आणि तो ओलावा जसाच्या तसा आलेला आहे.

त्या यादीतील तिसरा शब्द, मनोरंजन, हा पोटापाण्याच्या शब्दांच्या मध्ये कसा येऊन बसला याचा विचार निवडणुकीच्या हंगामात कोणी करीत असल्याचे दिसत नाही. कलमाचा काटेकोर अर्थ करायचा म्हटला तर ज्या उमेदवाराच्या भाषणाला लोक खदखदा हसले तो मतदारांना लाभ दिल्याच्या आरोपाखाली अडचणीत यावा, आणि ज्याच्या भाषणात माणसे पेंगली तो निर्दोष सुटावा. आपली यंत्रणा इतक्या खोलात जात नाही. जिल्हा निवडणूक अधिकारी आधी एक दरपत्रक प्रसिद्ध करतात. चहाचा कप, वडापाव, मिसळ, थाळी, मंडप, खुर्ची, प्रत्येकाला भाव ठरलेला असतो, आणि उमेदवाराने चार आणे कमी दाखविले तरी खर्च निरीक्षकाचे पथक आपल्या छाया नोंदवहीत तो पुरा लावते. सभेत चित्रीकरण करणारा इसम खुर्च्या मोजतो, गाड्या मोजतो, पाण्याच्या बाटल्या मोजतो. व्यासपीठावरून वक्ते आपला जुना किस्सा पुन्हा एकदा सांगू लागले की तो कॅमेरा बाजूला ठेवून, दरपत्रकात बसणारा आपला चहा घ्यायला जातो.